तीन देश, दोन मुलं आणि आगगाडी: सहलीच्या तयारीच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५

पुढच्या मे महिन्यात दोन्ही मुलांना घेऊन युरोपला जायचं, एवढं घरात पक्कं झालं. आज प्रत्येकाने आपापली यादी कागदावर लिहून दिली. लेकीच्या यादीत आयफेल टॉवर, नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, व्हेनिस आणि लंडन. धाकट्याने येतं तेवढं स्वतः लिहिलं, उरलेलं ताईकडून लिहून घेतलं: आगगाडी, बर्फ आणि परत आगगाडी. नवऱ्याला डोंगर हवेत. मला प्रत्येक गावात निदान तीन रात्री एकाच पलंगावर झोपायचं आहे.

सगळं नकाशावर मांडलं तर पाच देश भरतात. लंडन पहिल्याच फेरीत गळलं. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, येत नाही, त्यामुळे एका शहरासाठी चौघांचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. पॅरिस बाजूला ठेवताना लेकीचं तोंड उतरलं. तिला नीट समजावलं की पॅरिससाठी पूर्ण आठवडा हवा, दोन दिवसांत गेलो तर रांगाच बघून परत येऊ. तिने ते मान्य केलं, पण "पुढच्या वेळी नक्की" असं कागदावर लिहून घेतलं. तो कागद फाइलमध्ये पहिल्या पानावर लावला आहे.

३१ ऑगस्ट

धाकट्याच्या यादीनेच मार्ग दाखवला. आगगाडीला मध्यभागी ठेवलं की म्युनिक, साल्झबर्ग, ल्युसर्न अशी सरळ ओळ जुळते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. म्युनिक ते साल्झबर्ग पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. साल्झबर्ग ते झुरिक थेट गाडी आहे, साधारण साडेपाच तासांची. झुरिकहून ल्युसर्न तासाभराच्या आत.

विमानाने म्युनिकला उतरायचं आणि झुरिकहून परत निघायचं. जाण्यायेण्याचं शहर एकच ठेवलं तर शेवटचा अख्खा दिवस उलट प्रवासात जातो. मोठी माणसं तो दिवस सहन करतात. मुलांना मात्र तो सहलीतला सगळ्यात लांब दिवस वाटतो, कारण त्यात पुढे बघायचं काहीच नसतं.

मुक्कामाचा नियमही आज ठरवला: तीन रात्रींपेक्षा कमी कुठेच नाही. गाव बदलायचा दिवस कागदावर "दोन तासांचा प्रवास" दिसतो. प्रत्यक्षात सकाळी बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन, गाडी, नवं गाव, दुपारी तीनपर्यंत खोली न मिळणं, मग मुलांची भूक. तो दिवस गेलाच म्हणून समजायचं. तीन देशांत असे दोनच दिवस येतात, तेवढे परवडतात.

१४ सप्टेंबर

आज भाडी, व्हिसा आणि पास यांचे नियम एकत्र लिहून काढले. लिहिता लिहिता या साऱ्या नियोजनाची किल्लीच हाती आली असं वाटलं. मुलांबरोबरच्या सहलीत सगळ्यात आधी मुलांच्या जन्मतारखा मांडायला हव्यात. देश, शहरं, हॉटेलं हे नंतरचं. जिथे तिथे वयाच्या रेघा आखलेल्या आहेत, आणि प्रत्येक संस्थेची रेघ वेगळ्या जागी आहे.

शेंगेन व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखाली काहीच नाही. बोटांचे ठसे बाराव्या वर्षापासून घेतात. ऑस्ट्रियाच्या रेल्वेत सहा वर्षांखाली तिकीट लागत नाही, पुढे चौदापर्यंत अर्धं. स्वित्झर्लंडमध्ये सहा ते पंधरा वर्षांची मुलं, आई किंवा वडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर, स्विस फॅमिली कार्डावर फुकट फिरतात. ते कार्डही मोफत मिळतं. अनेक युरोपीय देशांच्या रेल्वेत चालणाऱ्या युरेल पासवर एका मोठ्या माणसाबरोबर चार ते अकरा वर्षांची दोन मुलं फुकट, बारावं लागलं की तरुणांच्या गटातला पास विकत. विमानात साधारण बारापर्यंत मुलाचं भाडं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं. पण सहलीच्या मध्येच ते दोन वर्षांचं होत असेल तर परतीला त्याला स्वतंत्र जागा घ्यावी लागते. आमच्याकडे आता तेवढं लहान कोणी नाही, तरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे तिकीट काढण्याआधी पाहावं.

आमचं असं आहे. लेक २९ मे रोजी बारा पूर्ण करते. धाकटा ६ फेब्रुवारीला सहाचा होतो. म्हणजे सहल २९ मेच्या आत आटपायची आणि व्हिसाचा अर्ज ६ फेब्रुवारीच्या आत द्यायचा. या दोन तारखा दरवाजावर मोठ्या अक्षरांत लावल्या.

यात पैशांची बचत आहेच. पण मला यातून आणखी एक गोष्ट दिसते. अकरा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा लेक एकाच खेळण्याच्या मैदानात अजून एकत्र रमतात. दोन वर्षांनी ती रमेलच असं नाही. ही सहल याच वर्षी करायची, ती त्यासाठी.

५ ऑक्टोबर

पहिल्या आराखड्यात प्रत्येक देशाला चार-चार रात्री दिल्या होत्या. दिसायला छान, पण व्हिसाच्या दृष्टीने गैरसोयीचं. ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असा शेंगेनचा नियम आहे. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशाच्या सीमेतून आधी आत शिरणार त्याच्याकडे. समसमान वाटणीत अर्ज तपासणाऱ्याला प्रश्न पडू शकतो, आणि प्रश्न पडेल अशी जागा कागदपत्रांत ठेवू नये.

म्हणून एक रात्र म्युनिकमधून काढून ल्युसर्नला दिली. आता म्युनिक तीन, साल्झबर्ग चार, ल्युसर्न पाच. अर्ज स्वित्झर्लंडकडे. मुलांच्या दृष्टीनेही हेच बरं, सहलीच्या शेवटी थकवा साचतो, तेव्हा मुक्काम लांब असावा. सुरुवातीच्या उत्साहात तीन रात्रींचं गाव निभावून जातं.

१२ ऑक्टोबर

युरोपची नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी पद्धत, ईईएस, आजपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळ्या बाह्य सीमांवर पूर्ण लागू व्हायची आहे, म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा पासपोर्टावरच्या शिक्क्याऐवजी संगणकात नोंद होणार. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे तिथेही घेत नाहीत, चेहऱ्याचा फोटो मात्र घेतात. रांग लांबेल असं धरून म्युनिकला उतरल्यावर पुढची कोणतीही वेळ बांधून ठेवायची नाही.

२ नोव्हेंबर

विमानाची तिकिटं झाली. ८ मेच्या रात्री निघून ९ ला सकाळी म्युनिक, २१ ला झुरिकहून परत. आपण पश्चिमेकडे जातो आहोत, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे टक्क जागी होणार आणि संध्याकाळी पेंगणार. याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन दिवसांत संध्याकाळचं काहीही ठेवलेलं नाही, सकाळ मात्र भरली आहे. परतीचा पूर्वेकडचा प्रवास झोपेला जास्त जड जातो, म्हणून आल्यावर लगेच कामावर न जाता मध्ये दोन दिवस राखून ठेवले.

मे महिन्यात तिकडे सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. उजेडात झोपायची धाकट्याला सवय नाही. खोली निवडताना जाड पडदे आहेत का, हे विचारायचं यादीत घातलं.

१६ नोव्हेंबर

राहण्याच्या जागा. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो लागणं रास्त आहे.

युरोपातल्या बऱ्याच हॉटेलांत दोघांची खोली म्हणजे दोघांचीच. तिसरा पलंग टाकतात, चौथा टाकत नाहीत. शोधताना "दोन मोठे" एवढंच भरलं तर स्वस्त खोल्या दिसतात आणि दारात अडचण उभी राहते. मुलांची संख्या आणि प्रवासाच्या दिवशीचं वय भरूनच शोधायचं. आणि व्हिसासाठी लागणाऱ्या आरक्षणाच्या कागदावर चौघांची नावं छापून यायला हवीत, ती मागून घ्यायची.

साल्झबर्गला युथ हॉस्टेलमधली चार पलंगांची खोली घेतली. "युथ" या शब्दामुळे अनेक कुटुंबं तिकडे बघतच नाहीत, पण तिथे कुटुंबांसाठी खास खोल्या असतात. या कल्पनेचा उगमच मुलांच्या सहलीत आहे. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळाने गाठलं, रात्र एका शाळेत काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या असणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामाला का वापरू नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. लेकीला ही हकिगत इतकी आवडली की तिने स्वतःहून वरचा पलंग राखून ठेवला.

ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेलं छोटं घर. कपडे धुण्याची सोय असेल तर चौघांच्या बॅगा निम्म्या होतात, हे मी घर निवडताना सगळ्यात वर ठेवलं. म्युनिकला स्टेशनजवळ साधं हॉटेल, पाळणाघरासारखी सजावट वगैरे नको. मुलांना खोलीपेक्षा लिफ्टची बटणं जास्त आवडतात.

पैसे परत मिळतील अशीच आरक्षणं केली. व्हिसा हातात पडेपर्यंत न फिरणारा पैसा कुठे अडकवायचा नाही.

१४ डिसेंबर

युरोपातल्या रेल्वेचं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, तो आज. आता मेच्या गाड्या नव्या वेळांसह दिसू लागल्या.

युरेल पास की सुटी तिकिटं, याचा हिशेब पुन्हा मांडला. आमचे लांबचे प्रवास दोनच आहेत. ते आधी आरक्षित केले तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र आम्ही दोघांसाठी चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेणार, कारण त्यात गाड्या, बस आणि तलावातल्या बोटी येतात, शिवाय रिगी डोंगरावर जाणारी दंतचक्री रेल्वेही. मुलं फॅमिली कार्डावर. रोज बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला हे फायद्याचं. दोन दिवस घरातच काढणाऱ्याला नाही.

साल्झबर्ग-झुरिक गाडीचा मार्ग धाकट्याबरोबर नकाशावर बोटाने फिरलो. रेलजेट ही ऑस्ट्रियाची वेगवान गाडी साल्झबर्गहून निघते आणि लगेच जर्मनीत शिरते, रोझेनहाइमजवळून वळून पुन्हा ऑस्ट्रियात येते. इन्सब्रुक. मग १८८४ साली खुला झालेला, दहा किलोमीटरहून लांब आर्लबर्गचा बोगदा. पुढे काही मिनिटांपुरतं लिक्टेनस्टाइन, आणि बुख्स या स्विस स्टेशनात गाडी दिशा बदलते: इंजिन होतं ते टोक मागे, आपण पाठमोरे असलो तर आता समोर तोंड करून. धाकट्याने बोट बुख्सवरच ठेवलं आणि विचारलं, "आई, म्हणजे ड्रायव्हरकाका उतरून दुसऱ्या टोकाला पळत जातात?" मी सांगितलं की दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. त्याला ते त्या दिवशी स्वतः पाहायचं आहे. बुख्सला किती वाजता पोहोचतो ते कागदावर लिहून त्याच्या हाती दिलं.

या गाडीत कुटुंबांसाठी राखीव भाग असतो आणि तिथे मुलांसाठी पडद्यावर कार्टून दाखवतात. त्या भागातल्या टेबलाभोवतीच्या चार जागा आरक्षित केल्या. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही, तरी चौघांनी चार वेगवेगळ्या डब्यांत बसायचं नसेल तर ते करावंच.

२० जानेवारी २०२६

व्हिसाचे अर्ज दिले. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत देता येतात; अगदी शेवटच्या दिवसांवर मुलांच्या सहलीचा भार टाकू नये. धाकटा अजून पाचचा, त्याचं शुल्क शून्य. लेकीचे ४५ युरो. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

मुलांच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. जन्मदाखले, दोघांचे पासपोर्ट, विमा, रात्रींचा तक्ता हे सगळं आम्ही प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये स्वतंत्र लावलं, "आईच्या फाइलमध्ये आहे" असं कुठेच सांगावं लागलं नाही. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारं हवं. आम्ही त्याहून मोठ्या रकमेचा घेतला, कारण डोंगरावरून कोणाला खाली आणायची वेळ आली तर खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही.

पासपोर्टांबद्दल एक गोष्ट: परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक, दोन कोरी पानं आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा. मुलांचे पासपोर्ट बहुतेक देशांत मोठ्यांपेक्षा कमी मुदतीचे असतात, त्यामुळे आपले चालू आहेत म्हणून त्यांचेही असतील असं धरू नये.

१५ फेब्रुवारी

पासपोर्ट परत आले. व्हिसाच्या चारही स्टिकरांवरची नावं, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे मंजूर दिवस एकेक करून ताडून पाहिले. वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत: दाराची कडी अमुक तारखांमध्ये उघडी आहे, पण आत राहायचं ते मंजूर दिवसच.

१ मार्च

काय पाहायचं. जमिनीवर मोठा कागद पसरला, दिवसागणिक चौकोन आखले. नियम एकच: एका चौकोनात एक मोठी गोष्ट. दुसरी लिहायची असेल तर पहिली खोडायची.

१० मे रविवार आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिन्हीकडे रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडली तर. म्हणून शनिवारी उतरल्यावर पाणी, दूध, फळं, सकाळचं खाणं घेऊन ठेवायचं, आणि रविवार डॉइचेस म्युझियम या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयाला. सकाळी नऊला उघडतं, पहाटे उठलेल्या मुलांना ते सोयीचं. सध्या या संग्रहालयाचा अर्धा भाग नूतनीकरणासाठी बंद आहे, २०२८ पर्यंत. मला त्याचं वाईट वाटत नाही. पंख बांधून हवेत तरंगणाऱ्या लिलिएन्थालच्या पंखांपासून पुढची विमानं, पूल, यंत्रमानव हे उघड्या भागात आहे, आणि सहा वर्षांच्या पायांना अर्धं संग्रहालय म्हणजे पूर्ण संग्रहालय.

नॉयश्वानस्टाइनवर बराच वेळ चर्चा झाली. म्युनिकहून जाऊन-येऊन दिवस संपतो, ठरल्या वेळेचं तिकीट, पायथ्यापासून चढण, आणि आतला फेरफटका अर्ध्या तासाचा. लेक शेवटी म्हणाली, "बाहेरून फोटोतही तसाच दिसतो ना? मग मला आत राहता येईल असा किल्ला दाखवा." तिला साल्झबर्गचा होहेनसाल्झबर्ग दाखवला. १०७७ साली त्याचं बांधकाम सुरू झालं, वर जायला १८९२ पासून छोटी रेल्वे आहे, आणि तटावर हवा तितका वेळ भटकता येतं. राहता येणार नाही, पण तिने तडजोड स्वीकारली.

साल्झबर्गजवळचं हेलब्रुन माझ्या मते या सबंध वाटेवरचं मुलांसाठीचं सर्वोत्तम ठिकाण आहे. मार्कुस सिटिकुस या आर्चबिशपने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाहुण्यांची गंमत करायला बाग बांधली. दगडी टेबलाभोवतीच्या आसनांतून पाणी उडतं, पायवाटेवर कुठूनही फवारा येतो. पाण्याच्या जोरावर हलणाऱ्या शेकडो बाहुल्यांचं एक नाट्यगृह अठराव्या शतकात त्यात भरलं गेलं. ४०० वर्षांपूर्वीचा विनोद आजही सहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी प्रत्येकाचा कोरडा शर्ट पाठीवरच्या पिशवीत.

हाल्लाइनची मिठाची खाण दुसऱ्या दिवशी. खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंड्या, भूमिगत तळं, आणि जमिनीखाली ओलांडलेली ऑस्ट्रिया-जर्मनीची सीमा. चार वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. बाहेर उन्हाळा असला तरी आत दहा अंशांच्या आसपास, जाकिटं लागतील.

१४ मे, गुरुवार, असेन्शन या ख्रिस्ती सणाची सुट्टी आहे, तिन्ही देशांत. पुष्कळ लोक शुक्रवारही जोडून घेतात, त्यामुळे १३ ते १७ मे गाड्या भरलेल्या असणार. आमचा मोठा प्रवास नेमका १६ ला. जागा आधीच घेतल्या ते बरं झालं.

बर्फ राहिला. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, ल्युसर्नहून जाऊन येण्यात अख्खा दिवस, आणि इतक्या उंचीवर लहान मुलं किरकिरी होतात, डोकं दुखतं. तो सोडला. एंगेलबर्गहून टिटलिस, साधारण ३,००० मीटर, जवळ आहे आणि वर बर्फ असतोच. त्याची तारीख मुद्दाम ठरवलेली नाही. ल्युसर्नच्या पाच रात्रींत एक चौकोन कोरा आहे. सकाळी डोंगरावरचा कॅमेरा इंटरनेटवर पाहायचा, आकाश मोकळं असेल तर निघायचं. वर फार वेळ काढायचा नाही. रिगी मात्र नक्की: बोटीने फिट्झनाउ, तिथून १८७१ साली सुरू झालेली, युरोपातली पहिली दंतचक्री डोंगर रेल्वे. बोट, मग चढणारी आगगाडी. धाकट्याची यादी त्या दिवशी पूर्ण होते.

२२ मार्च

कोनिग्सझे तलाव जर्मनीत आहे, पण साल्झबर्गहून जवळ. १९०९ पासून तिथे विजेवर चालणाऱ्या नौका आहेत. मध्यावर नाव थांबवून नावाडी तुतारीसारखं वाद्य कड्याकडे तोंड करून वाजवतो आणि प्रतिध्वनी ऐकवतो. यासाठी एक दिवस गाडी भाड्याने घ्यावी का, असा विचार होता.

मग मुलांच्या आसनांचे नियम वाचले. ऑस्ट्रियात चौदा वर्षांखालच्या पण १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळं आसन लागतं. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटरपर्यंत. लेकीची उंची आज दाराच्या चौकटीला पाठ लावून मोजली: १४६. म्हणजे साल्झबर्गमध्ये तिला काही नको, आणि त्याच रस्त्यावर सीमा ओलांडली की बूस्टर, म्हणजे उंच करणारं आसन, हवा. परत वयाचीच रेघ, या वेळी रस्त्यावर आखलेली.

बसने जायचं ठरलं. साल्झबर्ग राज्यात राहणाऱ्या पाहुण्यांना मुक्कामाबरोबर सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट मिळतं. सीमेपलीकडचा भाग त्यात धरलेला नाही असं समजून वेगळं तिकीट काढायचं. आणि पासपोर्ट चौघांचे बरोबर. शेंगेन असलं तरी जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून तपासणी ठेवली आहे, बसमध्येही पोलीस चढतात.

१९ एप्रिल

आजचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलं हरवली तर काय, याची उजळणी.

बैठकीतल्या सोफ्याचा डबा केला, गालिचा फलाट. नियम असे: फलाटावर राहिलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही परत येऊ. गाडीत राहिलास आणि आम्ही खाली, तर पुढच्या स्टेशनवर उतर आणि दाराजवळच थांब. गर्दीत हात सुटला तर लहान मूल बरोबर असलेल्या बाईकडे जा आणि हातातलं आमच्या नंबरांचं कार्ड दाखव. धाकट्याने प्रत्येक प्रसंग करून दाखवला. एका वेळी तो गालिच्यावर राहिला आणि आम्ही "गाडीतून" स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तर जागचा हललाही नव्हता, ओठ मात्र घट्ट मिटलेले. त्याला जवळ घेतलं आणि तोच प्रसंग पुन्हा केला, या वेळी नवऱ्याने पटकन परत येऊन. भीती मनात राहू नये आणि नियम मात्र राहावा, यासाठी दुसरी फेरी गरजेची होती.

लेकीकडे वेगळी जबाबदारी. तिला आमचे दोन्ही फोन नंबर पाठ आहेत, राहण्याच्या तिन्ही पत्त्यांची चिठ्ठी तिच्या पाकिटात, आणि ११२ हा तातडीचा नंबर तिन्ही देशांत चालतो हे तिला माहीत आहे. पण धाकट्याला शोधायला तिने एकटीने जायचं नाही. हे तिला तीनदा सांगितलं.

दोघांच्या कार्डांवर पूर्ण नाव लिहिलेलं नाही, फक्त आमचे नंबर देशाच्या कोडासह आणि इंग्रजी व जर्मनमध्ये "माझ्या आईला फोन करा".

२६ एप्रिल

डॉक्टरांना भेटलो. तापाच्या औषधाचा डोस मुलांच्या वजनावरून ठरतो, म्हणून दोघांचं आजचं वजन आणि मिलिलिटरमधला डोस बाटलीवरच चिकटवला. जंतुसंसर्गाची औषधं चिठ्ठीसह, चिठ्ठीत औषधाचं मूळ रासायनिक नाव, ब्रँड नाही. तिकडे ब्रँड वेगळे असतात.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. याचा परिणाम सीमेपेक्षा फोनवर जास्त होतो: "युरोप" म्हणून विकलेल्या काही सिममध्ये स्वित्झर्लंड धरलेलं नसतं. देशांची यादी उघडून वाचली, मगच घेतलं. चलनही फ्रँक, युरो नाही. कार्डाच्या यंत्राने "आपल्या चलनात भरू का?" विचारलं तर नेहमी तिथलंच चलन निवडायचं. दोन कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत. स्विस सॉकेटला तीन भोकं असतात, पण दोन बारीक गोल पिनांचा युरोपीय प्लग तिन्ही देशांत बसतो. जाड गोल जर्मन प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही.

३ मे

बॅगांची तालीम. प्रत्येकाने आपापली बॅग घेऊन इमारतीचे दोन जिने उतरायचे आणि चढायचे. धाकट्याच्या पाठीवरच्या पिशवीत त्याने चित्रांची वही, दोन गाड्या, एक मोठा दगड आणि बुख्सची वेळ लिहिलेला कागद भरला होता. दगड त्याने स्वतःच पहिल्या मजल्यावर काढून ठेवला. लेकीची बॅग तिला झेपते. माझी एक किलोने कमी केली, कारण गाडीत चढताना एक हात मोकळा हवा, तो धाकट्यासाठी.

विमानातली पिशवी: प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, औषधं, कागदपत्रांच्या प्रती, उतरताना कान दुखू नयेत म्हणून चघळायला काहीतरी. मूळ पासपोर्ट नवऱ्याकडे, प्रती माझ्याकडे, फोटो फोनमध्ये.

उरलेलं: ल्युसर्नच्या घराच्या किल्लीचा निरोप, जाड पडद्यांबद्दल म्युनिकच्या हॉटेलला फोन, आणि १६ मेच्या गाडीला रुळांच्या कामामुळे काही बदल आहे का ते ७ तारखेला रात्री पुन्हा पाहणं.